स्मार्ट मीटर आणि एनर्जी मॉनिटर: नागपूरच्या घरात खरंच पैसे वाचतात का? नवख्यांसाठी मार्गदर्शक

मार्च लागला की नागपुरात गच्चीवरून, माळ्यावरून कूलर खाली येतात, नव्या ताट्या लागतात, पंप साफ होतो. आणि मे महिन्याचं बिल हातात पडलं की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, ‘‘एवढं बिल काऊन येऊन राहिलं?’’ गेल्या काही वर्षांत या प्रश्नाची दोन उत्तरं ऐकू येतात. कुणी म्हणतं, नवं स्मार्ट मीटर (रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणारं) लावल्यामुळे वाढलं. कुणी म्हणतं, घरात एनर्जी मॉनिटर, म्हणजे किती वीज जळतेय ते दाखवणारं यंत्र लाव, दोन महिन्यांत बिल निम्मं होईल. दोन्ही बोलणी जशीच्या तशी घेऊ नका.

सरळ सांगायचं तर मीटर कुठलंही असो, ते मोजतं. वाचवत नाही. मोजलेलं बघून तुम्ही काही बदललं तरच पैसे वाचतात, आणि नागपूरच्या घरात बदलण्यासारखं जे आहे त्यातलं बहुतेक मार्च ते जून या चार महिन्यांत आहे. म्हणून यंत्र विकत घेण्याआधी पुढच्या पहिल्या तीन पायऱ्या करून बघा. त्यांना एक रुपयाही लागत नाही.

पायरी १: बारा महिन्यांची बिलं एकत्र मांडा

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. जुनी बिलं जपली नसतील तर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर मिळतात. रुपये बघू नका, युनिट बघा. रुपयांत थकबाकी, व्याज, इंधन समायोजन आकार असं सगळं मिसळलेलं असतं.

आता दोन आकडे शोधा. एक, नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा. तेव्हा कूलर नाही, एसी नाही, गिझरही जेमतेम. हा तुमच्या घराचा पाया. दुसरा, मे महिन्याचा. दोन्हींतला फरक म्हणजे उन्हाळा. पाया १३० आणि मे ४०० असेल, तर २७० युनिटचा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. मोबाइलचा चार्जर काढून ठेवण्याने तो सुटणार नाही.

यानंतर दर समजून घ्या, कारण खरी गोम इथे आहे. घरगुती वीजदराचे टप्पे आहेत: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ या वर्षाचे दर घेऊ. पहिल्या टप्प्यात युनिटला ४.७१ रुपये, दुसऱ्यात १०.२९, तिसऱ्यात १४.५५, चौथ्यात १६.६४. प्रत्येक युनिटवर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) १.१७ रुपये आणि वर १६ टक्के वीज शुल्क. जुलै २०२५ पासून दर बदलले आहेत, तेव्हा स्वतःचा हिशेब करताना हातातल्या बिलावरचे आकडे घ्या. रीत तीच.

वरच्या दरांनी, इंधन समायोजन आकार सोडून, एक युनिट पहिल्या टप्प्यात सुमारे ६.८० रुपयांना पडतं, दुसऱ्यात १३.३० ला आणि तिसऱ्यात १८.२० ला. म्हणजे तीच दहा युनिटं वाचवली तर एका घरात ६८ रुपये वाचतात, दुसऱ्यात १३३ आणि तिसऱ्यात १८२. ‘अमुक यंत्राने महिन्याला इतके रुपये वाचतात’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर आधी विचारा, कुठल्या टप्प्यातले?

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ३०१ वं युनिट जळलं की सगळीच्या सगळी ३०१ युनिटं महाग दराने लागतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पहिली १०० पहिल्याच दराने, पुढची २०० दुसऱ्याच दराने, फक्त वरची महाग. बिल ३० ऐवजी ३३ दिवसांचं असेल तर टप्पेही त्या प्रमाणात वाढवून धरतात, त्यामुळे ‘रीडिंगवाला मुद्दाम उशिरा येतो’ ही तक्रार दिवसांचा हिशेब लावला की सहसा उरत नाही.

पायरी २: मीटरवरचा लाल दिवा वाचा

तुमच्या दाराशी किंवा जिन्याखाली एक एनर्जी मॉनिटर आधीच बसवलेला आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या तोंडावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या जवळ एक आकडा आणि पुढे ‘इम्प/केडब्ल्यूएच’ असं इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं. आकडा बहुधा १६००, ३२०० किंवा ६४०० असतो. ३२०० असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजे हजार वॅट तासभर, झालं.

मोबाइलवर एक मिनिट लावा आणि लुकलुक मोजा. मीटर ३२०० चं असेल तर आलेल्या आकड्याला १८.७५ ने गुणा. मिनिटाला १६ वेळा लुकलुकला म्हणजे घरात या क्षणी ३०० वॅट चालू आहेत. १६०० च्या मीटरला ३७.५ ने गुणायचं, ६४०० च्याला साधारण ९.४ ने.

आता एकाला मीटरपाशी उभं करा, दुसऱ्याने घरात एकेक वस्तू चालू करायची. कूलर लावा, मोजा. कूलरचा फक्त पंप बंद करा, परत मोजा. पंखा एकवर, मग पाचवर. जुना रेग्युलेटर असेल तर गती निम्मी केली तरी लुकलुक तितकी कमी होत नाही, ते तिथेच दिसेल, कारण उरलेली वीज रेग्युलेटर तापवण्यात जाते. मुलांना हे काम फार आवडतं. तासाभरात जे कळतं ते महिनाभर ॲप चाळूनही कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजताना फ्रिज मध्येच चालू होऊन आकडा बिघडवतो, म्हणून तेवढा वेळ त्याचा प्लग काढून ठेवा.

पायरी ३: रात्रीचा पाया

सगळे झोपायच्या तयारीत असताना पंखे, दिवे, कूलर बंद करा, फ्रिजचा प्लग काढा, आणि मग मीटरचा दिवा बघा. आता लुकलुक इतकी सावकाश असेल की मिनिटाचं गणित चालणार नाही. त्याऐवजी दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ३२०० च्या मीटरसाठी ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. २८ सेकंद आले तर साधारण ४० वॅट.

कोणी काही चालवत नसताना हे ४० वॅट कुठून येतात? वायफायचा राउटर, सेट टॉप बॉक्स, बॅटरीवर चार्ज होत बसलेला इन्व्हर्टर. ४० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळपास २९ युनिटं, दुसऱ्या टप्प्यात ३८० रुपयांची. आकडा मोठा वाटतो खरा, पण त्यातलं कापता येण्यासारखं थोडंच आहे. राउटर लागतो, इन्व्हर्टर लागतो. सेट टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने दिवसातले सोळा तास बंद ठेवला तर सहा-एक युनिटं सुटतात. पाऊणशे रुपये. करा अवश्य, पण मे महिन्याचं बिल त्याने आटोक्यात येईल ही आशा नको.

सगळं बंद असूनही दिवा झपाट्याने लुकलुकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ती शेवटच्या पायरीत.

पायरी ४: विकत घ्यायचंच असेल तर काय

बाजारात तीन प्रकार मिळतात.

पहिला, प्लगमधला. भिंतीच्या सॉकेटमध्ये हा घालायचा आणि त्यात उपकरण. वॅट आणि युनिट दाखवतो, वायफायचा असेल तर मोबाइलवर. हजार-दीड हजारात मिळून जातो. घेताना १६ अँपिअरचाच घ्या. ६ अँपिअरचा स्वस्त पडतो, पण गिझर किंवा एसी त्यावर लावला तर तो तापून वितळायचा. फ्रिजसाठी हा प्रकार सगळ्यांत उपयोगी, कारण फ्रिज थांबून थांबून चालतो आणि एका मिनिटाच्या मोजणीतून काही कळत नाही. पूर्ण चोवीस तास लावून ठेवा. बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या स्टार लेबलवर फ्रिजची वर्षाची युनिटं छापलेली असतात, त्यांना ३६५ ने भागा आणि मोजलेल्याशी ताडून पाहा. उन्हाळ्यात थोडं जास्त येणारच. दुप्पट आलं तर दाराचं रबर, मागची जाळी आणि भिंतीपासूनचं अंतर तपासायला घ्या.

खरं तर अशी यंत्रं प्रत्येक घरात हवीतच कशाला? महिनाभरात त्याचं काम संपतं. सोसायटीत किंवा दोन-चार शेजाऱ्यांत मिळून एक घेतलं तरी पुष्कळ.

दुसरा, डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या फ्यूजच्या पेटीत, बसवायचा लहान मीटर. स्वस्त, साधा, ॲप वगैरे काही नाही. वरच्या मजल्याला भाडेकरू असेल तर बरा, म्हणून घरमालक तोच सबमीटर लावून घेतात. भाडेकरूंनी एवढं बघावं की युनिटचा ठरवलेला दर आणि मूळ बिलावरचा दर यांत मेळ आहे का.

तिसरा, चिमट्याचा. मुख्य वायरभोवती चिमटा बसतो आणि अख्ख्या घराचा वापर क्षणाक्षणाला मोबाइलवर दिसतो. काही हजारांपासून पुढे किंमत. चिमटा फक्त फेजच्या वायरभोवती बसवायचा असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्यात अडकवल्या तर दोन्हींचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो आणि यंत्र शून्य दाखवतं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आणि त्याने डीबी उघडलाच आहे तर आधी एक प्रश्न विचारा: घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे का? विदर्भात दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. पाणी भरताना ओला हात, पत्र्याची बॉडी, तुटकी अर्थिंग. मॉनिटरचे पैसे आणि आरसीसीबीचे पैसे यांतून एकच निवडायची वेळ आली तर मॉनिटर विसरा.

आता मुद्द्याचं, या यंत्रांनी किती वाचतं? परदेशात यावर बरंच काम झालं आहे. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ मध्ये तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा वापर डोळ्यांसमोर दिसत राहिला तर ५ ते १५ टक्के बचत होते असं निघालं होतं. विक्रेते अजूनही याच जातीचे आकडे पुढे करतात. पण पुढे ब्रिटनमध्ये घरोघरी स्मार्ट मीटर आणि त्यासोबत भिंतीवरचा डिस्प्ले बसू लागला आणि तिथल्या सरकारने २०१५ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा विजेत प्रत्यक्ष बचत निघाली २.३ टक्के. फरक समजण्यासारखा आहे. प्रयोगात हौसेने भाग घेणारा माणूस वेगळा, आणि कंपनीने येऊन मीटर लावून दिलेला माणूस वेगळा.

नागपूरच्या हिशेबात बसवून बघा. मे महिन्यात ४०० युनिट जाळणाऱ्या घराची २.३ टक्के बचत म्हणजे नऊ युनिटं, तिसऱ्या टप्प्याच्या दराने १६५ रुपये. हिवाळ्यात १३० युनिटांवर तीनच युनिटं, चाळीस रुपये. आठ हजारांचं यंत्र या वेगाने किती वर्षांत फिटेल ते तुम्हीच काढा. चिमट्याचा मॉनिटर मी फक्त मोठ्या घरांना सुचवीन: दोन-तीन एसी, वर सोलर, किंवा खाली दुकान आणि वर घर असं एकत्र वायरिंग.

पायरी ५: उन्हाळ्याचा हिशेब, जिथे खरे पैसे आहेत

नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता. त्यामुळे ‘एसी कमी वापरा’ असला पोकळ सल्ला इथे कुणी देऊ नये. हिशेब मात्र करता येतो.

मोठा कूलर पंपासकट साधारण २०० वॅट धरा. तुमचा नेमका किती, ते दुसऱ्या पायरीत कळलेलंच आहे. दिवसा दहा तास चालला तर २ युनिटं, महिन्याला ६०. एसीचं स्टार लेबल बघा. त्यावरची वर्षाची युनिटं १६०० तासांच्या वापरासाठी असतात, म्हणून त्यांना १६०० ने भागलं की तासाचा अंदाज मिळतो. वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या छताखाली तो आकडा जास्तच येणार. समजा तासाला ०.९ युनिट येतं. रात्रीचे आठ तास म्हणजे ७.२, महिन्याला २१६.

घराचा पाया १३०, दिवसाचा कूलर ६०, झाले १९०. त्यावर एसीचे २१६, एकूण ४०६. एसीच्या २१६ पैकी ११० युनिटं दुसऱ्या टप्प्यात बसतात आणि १०६ तिसऱ्यात चढतात. २०२४-२५ च्या दरांनी एकट्या एसीचे महिन्याला सुमारे ३,४०० रुपये होतात. पाया असलेल्या १३० युनिटांचे याच्या निम्म्यानेही होत नाहीत.

म्हणजे कात्री एसीवरच चालवायला हवी. बीईईच्या सांगण्यानुसार एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू केल्यावर २४ अंशांवर येतात ते याच कारणाने. २४ चं २६ केलं आणि वर पंखा ठेवला तर २१६ मधली २६ युनिटं सुटतात, तीही सगळ्यांत महाग टप्प्यातली, म्हणजे ४७० रुपयांच्या आसपास. एका बटणात. प्लगमधला मॉनिटर इथे कामाचा ठरतो तो असा: एक रात्र २४ वर, एक रात्र २६ वर, आणि सकाळी दोन आकडे घरच्यांसमोर ठेवायचे. ‘दोन अंशांनी काय फरक पडतो’ हा वाद तिथेच मिटतो. दोन्ही रात्री बाहेरचं तापमान सारखं असावं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

कूलरकडे वळू. कोरडा उन्हाळा असेपर्यंत कूलर एसीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात काम भागवतो. त्याला हवा बाहेर पडायला वाट हवी, हे नागपूरकरांना सांगायला नको. ताट्या दर वर्षी बदला, पंप गच्च भिजवतोय का बघा. पहाटे गारवा आला की पंप बंद करून नुसता पंखा चालू द्यावा. पंपाची वीज थोडीच असते, पण खोलीतला दमटपणा कमी होतो. जूनच्या मध्यावर हवा ओली झाली की कूलर नुसता घोंघावतो. तेव्हा तो ओढून चालवत बसण्यात हशील नाही.

उरला छताचा पंखा. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्यावर महिन्याला २० युनिटं वाचतात, दुसऱ्या टप्प्यात २७० रुपये. नागपुरात पंखे मार्च ते ऑक्टोबर फिरतातच, म्हणजे तीन हजारांच्या पंख्याचे पैसे दीड हंगामात फिटतात. हॉल आणि झोपायची खोली, एवढेच बदला. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा जुनाच राहू द्या.

पायरी ६: स्मार्ट मीटरचं नेमकं काय

केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली आणि तिच्यातून देशभर स्मार्ट मीटर बसू लागले. महाराष्ट्रात सुरुवातीला प्रीपेड मीटरची घोषणा होती. त्यावर नागपूरसह राज्यभर ओरड झाली आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं जाहीर केलं. आता ‘टीओडी मीटर’ (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारं) म्हणून जे बसवतात ते स्मार्टच आहे, पण पोस्टपेड. आधी वापरा, मग बिल.

त्यात सिम किंवा रेडिओ यंत्रणा असते. रीडिंग आपोआप जातं. रीडिंग घ्यायला माणूस आला नाही, घराला कुलूप होतं, म्हणून सरासरीचं बिल आलं, हा प्रकार त्यामुळे बंद व्हायला हवा, आणि माझ्या लेखी ग्राहकाचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. वापर महावितरणच्या मोबाइल ॲपवर बघता येतो, म्हणजे चिमट्याच्या मॉनिटरचं बरंचसं काम फुकटात होतं. दर रविवारी एकदा बघायची सवय लावली तर महिन्याच्या मध्यावरच कळतं की ३०० ओलांडणार की नाही.

आणि सवलत. १ जुलै २०२५ पासून असं मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सूट लागू झाली. ती टप्प्याटप्प्याने रुपयापर्यंत न्यायची असं ठरलं. तुमच्या बिलात ती ओळ आहे का आणि किती आहे, ते वाचा.

किती पैसे होतात? घरात आजी-आजोबा असतील, दुपारभर कूलर चालत असेल, तर महिन्याची शंभरेक युनिटं या वेळेत सहज येतात. ८० रुपये सूट, त्यावरचं शुल्क वाचलं ते धरून नव्वदीच्या वर. हातपाय न हलवता. नवरा-बायको दोघं नोकरीला, घराला दिवसभर कुलूप आणि एसी रात्री दहानंतर, अशा घराला मात्र जवळपास काहीच नाही. कपडे धुणं, इस्त्री, टाकीचा पंप असं सगळं रविवारी दिवसा उरकलं तरी पंधरा-वीस युनिटं इकडची तिकडे होतील, म्हणजे पंधरा-वीस रुपये. त्यासाठी घरातल्या बाईच्या कामाचं वेळापत्रक उलटंपालटं करू नका. अपवाद एकच, पंप. त्याला टायमर लावला की दुपारी टाकी आपोआप भरते आणि कुणाला लक्ष द्यावं लागत नाही.

पायरी ७: नवं मीटर लागलं आणि बिल वाढलं

आधी तारखा बघा. मीटर एप्रिलमध्ये लागलं असेल तर मे महिन्याच्या बिलाची तुलना यंदाच्या मार्चशी नाही, गेल्या वर्षीच्या मे महिन्याशी करा. आधीची बिलं सरासरीची होती का तेही पाहा. तसं असेल तर साचलेला फरक एकदम येतो. चकतीचं जुनं मीटर असेल तर ते अगदी कमी भारावर, राउटर-चार्जरसारख्यावर, नीट फिरायचंच नाही. नवं मीटर ते सगळं मोजतं.

हे सगळं बघूनही कोडं सुटलं नाही तर वायरिंगकडे वळा. महाल, इतवारीच्या जुन्या वाड्यांत, वाटण्या झालेल्या घरांत, दोन बिऱ्हाडांची न्यूट्रल एकत्र जोडलेली सापडते. आताची मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. शेजारच्याचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून परतत असेल, तर त्याचा कूलर तुमच्या मीटरवर फिरतो. अर्थिंगमध्ये गळती असेल तरी तेच. पुष्कळ मीटरवर यासाठी ‘ई/एल’ असा वेगळा बारीक दिवा किंवा खूण असते. ती पेटलेली दिसली तर पहिला फोन वायरमनला.

तपासायची रीत अशी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच पाडा. मीटरचा दिवा आता लुकलुकायला नको. तो विझलेला असेल किंवा सलग पेटलेला असेल, दोन्ही चालतं. लुकलुकत राहिला तर मीटर आणि मुख्य स्विच यांच्या मध्ये काहीतरी जोडलेलं आहे, किंवा मीटरच सदोष आहे. मुख्य स्विच चालू, पण घरातलं प्रत्येक बटण बंद आणि प्लग काढलेले, तरी जोरात लुकलुकतोय? मग घरातल्या वायरिंगमध्ये गळती, किंवा न्यूट्रल शेजारच्याशी जोडलेली. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, मीटरचा क्रमांक दिसेल असा.

यानंतर लेखी तक्रार. १९१२ वर फोन करा, ॲपवर नोंदवा, पण उपविभाग कार्यालयात अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्याच. २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांप्रमाणे, रीडिंग खऱ्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर वितरण कंपनीने पाच दिवसांत जोडीला दुसरं मीटर लावायचं असतं आणि निदान तीन महिने दोन्हींची तुलना करायची असते. अर्जात या नियमाचा उल्लेख करून जोड मीटरच मागा, नुसतं ‘बिल कमी करा’ लिहू नका. त्या तीन महिन्यांत आठवड्यातून एकदा दोन्ही मीटरचे फोटो काढून ठेवा.

स्मार्ट मीटर कमाल मागणीही (एका वेळी घेतलेला सर्वांत जास्त भार) नोंदवतं, आणि मंजूर भार एक किलोवॅट असलेल्या घरात एसी आणि गिझर एकदम चालले तर ती सहज वर जाते. मीटर बसण्याआधीच्या काळासाठी या कारणाने दंड लावता येत नाही, असं २०२३ च्या दुरुस्तीत म्हटलं आहे. तशी आकारणी आली तर हरकत घ्या.

दाद मिळाली नाही तर महावितरणचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्याच्या निकालाने समाधान झालं नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपाल. त्यांचं एक कार्यालय नागपुरातच असल्यामुळे मुंबईची वारी करावी लागत नाही. वकीलही लागत नाही.

तोवर वादातलं बिल भरायचं की नाही? वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मागितलेली रक्कम आणि मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली तर वाद मिटेपर्यंत लाइन तोडता येत नाही. सहा महिन्यांच्या सरासरीत हिवाळ्याची बिलं येत असतील तर ती बरीच कमी निघते. पैसे भरतानाच्या अर्जावर ‘निषेध नोंदवून’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहा आणि त्या कागदाचीही पोच घ्या.